मदत हवी आहे: बाबांची मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीची तपासणी, नक्की काय काय होतं?

मंडळी, पुढच्या आठवड्यात बाबांना (वय ७१) मोतीबिंदूच्या तपासणीला न्यायचंय. चष्म्याचा नंबर काढायला गेलो तेव्हा डॉक्टर एवढंच म्हणाले की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजव्यात जास्त, ऑपरेशनचं ठरवायला सविस्तर तपासणी करून घ्या.

आता गोंधळ असा की बाबांना वाटतंय त्यांची नजर सुधारलीये. गेले पाच-सहा महिने ते चष्म्याशिवाय पेपर वाचतात, जे कित्येक वर्षांत जमलं नव्हतं. पण तेच बाबा रात्री समोरून गाडी आली की डोळे मिटून घेतात, जिना उतरताना पाय चाचपडत टाकतात आणि परवा माझ्या गडद निळ्या ड्रेसला काळा म्हणाले. मी विषय काढला की "अजून पिकला नाहीये, पिकू दे" म्हणतात. मला त्यांच्या पडण्याची फार भीती वाटते.

तपासणीला किती वेळ लागतो, दुखतं का, लेन्स त्याच दिवशी ठरवावी लागते का? त्यांना डायबेटिस आहे, आणि प्रोस्टेटची आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

प्रतिसाद १:
ताई, माझ्या आईचं मागच्या वर्षी झालं. दोन-तीन तास धरून चला. दुखत नाही, थेंब थोडे झोंबतात इतकंच. आधी अक्षरांचा तक्ता वाचून घेतात, डोळ्याचं प्रेशर बघतात, मग बाहुली मोठी करायचे थेंब टाकतात आणि अर्धा तास बसवून ठेवतात, त्यानंतर सगळं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही, चार-सहा तास तरी, त्यामुळे काळा गॉगल न्या आणि बाबांना गाडी चालवू देऊ नका.

त्याच दिवशी किंवा नंतर मशीनवर डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा गोलावा मोजतात, त्यावरून आत बसवायच्या लेन्सचा नंबर निघतो. हे माप फार महत्त्वाचं, लांबीत एक मिलिमीटर चुकलं तर नंबर अडीच-तीनने चुकू शकतो. डोळे कोरडे असतील तरी माप बिघडतं, आईला म्हणून आधी थेंब देऊन पुन्हा बोलावलं होतं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असतील किंवा आधी नंबर घालवायचं लेझर झालं असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा.

डायबेटिस आहे म्हणजे मागचा पडदा नीट बघतीलच. पडदाच खराब असेल तर मोतीबिंदू काढूनही नजर पूर्ण येत नाही, तेव्हा "ऑपरेशननंतर किती दिसेल" हे स्पष्ट विचारा.

आणि बिनचष्म्याचं वाचता येणं हे मोतीबिंदूमुळेच होतं! नैसर्गिक लेन्स मध्यभागी घट्ट होते, डोळ्याला मायनस नंबर येतो आणि जवळचं दिसायला लागतं. ते टिकत नाही. पिकायची वाट बघायचे दिवसही गेले. रोजच्या कामात अडचण येत असेल तर ऑपरेशन करतात, उलट फार पिकला की लेन्स कडक होते आणि काढणं अवघड जातं. जिन्याचं आणि दिव्यांचं डॉक्टरांना आवर्जून सांगा, नुसत्या तक्त्यावरून ते कळत नाही.

प्रतिसाद २:
प्रोस्टेटच्या गोळीचं नाव बघा. टॅमसुलोसिन असेल तर आधीच सांगायला हवं, त्याने ऑपरेशनमध्ये बुबुळाचा पडदा सैल पडतो, डॉक्टर तशी तयारी ठेवतात. पण ही काय किंवा रक्त पातळ करायची काय, कुठलीच गोळी मनाने बंद करू नका.

लेन्सची घाई नको. साध्या लेन्सने एकाच अंतरावरचं स्वच्छ दिसतं, बहुतेक जण लांबचं निवडतात आणि वाचायला चष्मा लागतो. मल्टिफोकलने (जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणाऱ्या लेन्सने) चष्मा कमी होतो, पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात, आणि मागच्या पडद्याचा त्रास असेल तर सहसा नकोच म्हणतात. बाबांना पेपर बिनचष्म्याचाच वाचायचा असेल तर तेही बोला, जवळचा नंबर ठेवूनही साधी लेन्स बसवता येते.

धागाकर्ती:
दोघांचे खूप खूप आभार. प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवले. गोळी टॅमसुलोसिनच निघाली, मला माहीतच नव्हतं! पेपरचं ऐकून बाबा जरा गप्प झाले, मग स्वतःच उठले आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि जुन्या चष्म्यांचे नंबर लिहिलेले कागद एका पिशवीत भरून ठेवले.