विषय: सक्तीचा लॅपटॉप, खर्च कोणाच्या माथी?

नमस्कार मंडळी,

पुतण्याला इथे अमेरिकेत मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. पत्रात लॅपटॉप सक्तीचा म्हटलंय, पण फीच्या बिलात तो धरलेला नाही. घरात ॲपलच्या नव्या चिपचा मॅकबुक आहे, तो चालेल का? दिरांनी फीसाठी आधीच कर्ज काढलंय, आता ही आणखी पदरमोड. अशी सक्ती करणं बरोबर आहे का?

---

ताई, अभिनंदन!

मॅकबुकचं आधी सांगतो. मेकॅनिकलला लागणारं सॉलिडवर्क्स हे डिझाइनचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, आणि त्या मॅकमध्ये बूट कॅम्पची, म्हणजे मॅकवर विंडोज टाकण्याची सोय नाही. तेव्हा विभागाला विचारल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नका. विभागाच्या यादीत बहुधा ‘किमान’ आणि ‘शिफारस’ असे दोन रकाने असतात. दुकानदार दुसऱ्यावर बोट ठेवतो, तुम्ही पहिला वाचा. पैसे उरले तर अपघाती नुकसानीची वॉरंटी घ्या. पाठीवरच्या पिशवीत चार वर्षं फिरणारी वस्तू आहे, स्क्रीन कधीही फुटू शकतो.

सक्तीला माझा विरोध नाही, अर्धवट सक्तीला आहे. मिनेसोटा विद्यापीठाच्या क्रुकस्टन कॅम्पसने 1993 मध्ये पूर्णवेळ विद्यार्थ्यांच्या हाती लॅपटॉप दिले. वेक फॉरेस्ट विद्यापीठाने 1996 मध्ये फी वाढवली खरी, पण मशीन स्वतः दिलं आणि दोन वर्षांनी बदलूनही दिलं. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल कॅम्पसने 2000 पासून सक्ती केली, तेव्हा गरजू मुलांसाठी अनुदानही ठेवलं. नुसतं ‘घेऊन या’ म्हणून हात झटकणं म्हणजे ज्याच्या घरी पैसे नाहीत त्याला पहिल्याच दिवशी मागे पाडणं. मला याची मनापासून चीड येते.

आता कामाचं. पुतण्या अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल, तर त्याने फायनान्शियल एड ऑफिसला आजच मेल करावा. संगणकाचा वाजवी खर्च ‘कॉस्ट ऑफ अटेंडन्स’मध्ये, म्हणजे कॉलेजने धरलेल्या वर्षाच्या एकूण खर्चात, धरण्याची तरतूद फेडरल कायद्यातच आहे. सक्तीचं पत्र आणि मशीनचं कोटेशन सोबत जोडायचं. मात्र यामुळे फक्त मदतीची मर्यादा वाढते. वाढलेली रक्कम अनुदान म्हणून मिळणार की कर्ज म्हणून, हे स्पष्ट विचारून घ्या. कर्ज असेल तर व्याज आलंच.

529 खातं, म्हणजे शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं, असेल तर त्यातूनही संगणक घेता येतो. शिवाय लॅपटॉप शिक्षणासाठी आवश्यक असेल तर तो खर्च अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट या आयकरातल्या सवलतीत धरता येतो. हे क्रेडिट वर्षाला जास्तीत जास्त 2,500 डॉलर, तेही उत्पन्नाच्या मर्यादेत. पण एकच पावती दोन्हीकडे लावू नका.

---

दादा, फार उपयोगी पडलं. पत्र शोधून ठेवलंय, मेल आज रात्रीच जाईल.

---

मंडळी, एक भर घालते. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर एम.एस.ला आलेल्या मुलांना फेडरल मदत मिळत नाही, क्रेडिटही सहसा नाही. त्यांनी आधी लायब्ररीत आणि विभागात उसन्या लॅपटॉपची चौकशी करावी. बऱ्याच ठिकाणी सेमिस्टरभरासाठी देतात, पण मुलं संकोचाने विचारतच नाहीत. ज्यांच्याकडे विंडोजचे चालू स्थितीतले लॅपटॉप पडून असतील त्यांनी इथेच कळवा, ऑगस्टच्या आत मुलांपर्यंत पोचवू.