लग्नात ३१०० क्लिक, कामाचे निघाले ६४०. नॉर्मल आहे का?

नवखा_क्लिकर:
मंडळी, परवा पहिल्यांदाच एकट्याने पूर्ण लग्न मारलं, आधी दोन सीझन दुसऱ्यांच्या हाताखाली जायचो. सीमंतपूजनापासून वरातीपर्यंत ३१०० फ्रेम झाल्या आणि काल रात्री निवडायला बसलो तर धड असे ६४० च निघतायत. बाकी डोळे मिटलेले, मधे कुणाचा तरी मोबाईल, नाहीतर तोच फोटो आठ वेळा. सगळ्यांचं असंच असतं का माझाच हात बसलेला नाही अजून?

सांगलीकर_लेन्सवाला:
अरे पाचात एक म्हणजे चांगलंय की, माझंही तेवढंच पडतं. पण सगळ्याचा एकच हिशोब करू नको. ग्रुप फोटोत पंधरा माणसं उभी केली की एकाचे तरी डोळे मिटणारच, तिथे तीन-चार मारायचे नि एक ठेवायचा. अंतरपाट बाजूला होतो तेव्हा मात्र मी बर्स्टवर, म्हणजे बटण दाबून धरून सलग, २५-३० मारतो, कारण दोन सेकंदांचा खेळ, हार वर जातात, अक्षता पडतायत, मामा मधे येतो, आणि त्यातले दोनच ठेवतो. आणि हो, तिथे फोकस पॉइंट स्वतः नवरीच्या डोळ्यावर ठेव, कॅमेऱ्यावर सोडलंस तर तो अक्षता टाकणाऱ्या मावशींचा हात पकडतो.

रोलवाले_काका:
आमच्या वेळी ३६ चा रोल, अख्ख्या लग्नाला पाच रोल. बटण दाबायच्या आधी दहादा विचार करायचो 😄 पण खरं सांगू का, डोळे मिटलेले आमच्याकडेही असायचे, फक्त ते धुऊन आल्यावर कळायचं आणि तोवर नवरी सासरी.

फ्रेमबाज:
हॉलला एलईडी लाइट होते का? सायलेंट शटरवर, म्हणजे आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर, आडवे पट्टे येतात, माझे एका रिसेप्शनचे शंभरेक फोटो तसे गेलेत. मेकॅनिकल शटर लाव. पार्टीला आकडा सांगायचाच तर "कमीत कमी ४००" एवढंच लिहून दे, जास्त निघाले तर खूश होतात, आधीच ८०० बोललास तर तू भरतीचे फोटो घालत बसशील. आणि टाकलेले लगेच डिलीट मारू नको रे, आपल्याला हललेला वाटतो तो घरच्यांना आजीचा एकुलता एक हसरा फोटो असतो.

नवखा_क्लिकर:
पट्टे सापडले 🤦 लाजाहोमाचे ठीक आहेत, स्टेजवरचेच गेलेत. बरं झालं डिलीट नाही केले, आज नवरदेवाच्या आईचा फोन, आत्याबाईंचा एकही फोटो नाही म्हणे. रिजेक्टमधे शिरलो, तीन सापडले. तिन्हीत डोळे बंद.

सांगलीकर_लेन्सवाला:
कानपिळीचे बघ. तिथे मागे उभ्या असतील.