विषाणू मेंदूत न शिरताही

'पाठीच्या कण्यातून तपासणीसाठी काढलेल्या पाण्यात विषाणू सापडला नाही, म्हणजे मेंदू सुरक्षित' हा निष्कर्ष पटत नाही. संसर्ग फुफ्फुसात असला तरी इंटरल्यूकिन-६, टीएनएफ यांसारखे सायटोकाइन, म्हणजे दाह वाढवणारे संदेशवाहक रेणू, रक्तात वाढतात आणि रक्तातल्या घातक गोष्टी मेंदूत जाऊ न देणारा रक्त-मेंदू अडथळा सैल करू शकतात. छाती-पोटातल्या अवयवांना मेंदूशी जोडणाऱ्या व्हेगस या चेतातंतूतूनही मेंदूला वर्दी जाते. मग मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या रक्षक पेशी, खवळतात. एरवी कचरा उचलणाऱ्या या पेशी मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या चेतासंधी (चेतापेशींमधले जोड) तोडताना प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसल्या आहेत. नव्या आठवणी तयार करणारा भागच तो!

शिवाय या पाण्याच्या चाचणीवर इतकी भिस्त नको. हर्पिस विषाणूमुळे होणाऱ्या मेंदूज्वरात पहिल्या ७२ तासांत पीसीआर ही विषाणू शोधणारी चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. तापासोबत असंबद्ध बोलणं, झटके असतील आणि संशय दाट असेल तर डॉक्टर शिरेतून विषाणूविरोधी अ‍ॅसायक्लोव्हिर चालूच ठेवतात आणि ३ ते ७ दिवसांनी पाणी पुन्हा तपासतात. अशा लक्षणांत घरी थांबू नका, कृपया.