थ्रॉटल दाबताच इंजिन का गुदमरते
नवे प्लग घालूनही आपल्या जुन्या टू-स्ट्रोक स्नोमोबाईलचे इंजिन अर्ध्या थ्रॉटलपुढे गुदमरते, असे आपण लिहिले आहे. त्याच क्षणी चोक, म्हणजे मिश्रणातले पेट्रोल वाढवणारी कळ, किंचित ओढून पाहावा. इंजिन सावरले, तर पेट्रोल कमी पडते आहे असे समजावे. मग कार्ब्युरेटरमधील मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा भाग, काढून उजेडासमोर धरावा आणि भोकाच्या कडेला वाळलेल्या पेट्रोलचा थर असल्यास तो तारेने न खरवडता क्लीनरने धुवावा. माझा अधिक संशय मात्र क्रँककेसमधील (पिस्टनखालच्या बंद कप्प्यातील) दाबाचे ठोके इंधनपंपापर्यंत पोचवणाऱ्या रबरी नळीवर आहे, कारण ती जुनी झाली की टोकाशी चिरते आणि पंप कमजोर पडतो. दोष दूर होईपर्यंत कृपया पूर्ण थ्रॉटल देऊ नका, पेट्रोल कमी पडल्याने पिस्टन तापून जाम होऊ शकतो.