मदत हवी आहे : पोटरीचे दुखणे मणक्याचे, शिरांचे की धमन्यांचे?

नमस्कार. माझ्या वडिलांचे वय 68 आहे. त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे आणि पूर्वी ते धूम्रपानही करीत असत. त्यांच्या उजव्या पायाच्या दुखण्याबाबत दोन डॉक्टरांची मते जुळत नसल्याने येथे विचारत आहे.

थोडे अंतर चालले की त्यांच्या पोटरीत गोळा येतो. मग ते थांबतात. बसत नाहीत, वाकत नाहीत, नुसते उभे राहतात, आणि काही मिनिटांत दुखणे ओसरते. पुन्हा चालू लागले की जवळपास तेवढ्याच अंतरावर ते परत सुरू होते. एमआरआयमध्ये कमरेच्या मणक्यांची झीज दिसल्यामुळे हाडांच्या डॉक्टरांनी नस दबल्याचे निदान केले. दुसऱ्या डॉक्टरांना पोटरीवर फुगलेल्या शिरा दिसल्या, म्हणून त्यांनी घट्ट दाबमोजे घालायला आणि पाय उशीवर उंच ठेवून झोपायला सांगितले. परंतु पाय उंच ठेवला की त्रास वाढतो. अलीकडे तर रात्री पाऊल ठणकून त्यांना जाग येते आणि पलंगाच्या कडेवर बसून पाय खाली सोडला, की मग कोठे बरे वाटते. ते पाऊल डाव्यापेक्षा गार लागते, त्यावरची लव गेली आहे आणि कातडी ताणल्यासारखी चकचकीत दिसते.

घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाची तुलना करणारा अँकल-ब्रेकियल इंडेक्स 1.45 आला. तो 0.9 च्या वर असल्याने धमन्या ठीक आहेत, असे आम्हाला सांगण्यात आले. मधुमेही रुग्णाच्या बाबतीत या आकड्यावर विसंबावे का, पुढे कोणती तपासणी करावी आणि तोवर दाबमोजे चालू ठेवावेत का, याबद्दल कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

आपण जे बारकाईने टिपले आहे, त्यावरून माझा संशय धमन्यांवरच जातो. मणक्यात नस दबल्यामुळे दुखत असेल, तर नुसते उभे राहून सहसा आराम पडत नाही, बसावे किंवा पुढे वाकावे लागते. शिरांच्या विकारात दिवसभर उभे राहिल्यावर पाय जड होतो, सुजतो, आणि उंच ठेवला की हलका वाटतो. आपल्या वडिलांचे नेमके उलट आहे, कारण धमनी अरुंद झालेली असताना पाय खाली सोडला, तरच रक्त पावलापर्यंत जरा बरे पोहोचते. या वयात मणक्यांची झीज पुष्कळांच्या एमआरआयमध्ये दिसते आणि फुगलेल्या शिराही सर्रास आढळतात. तेवढ्यावरून दुखण्याचे कारण सापडले असे मानू नये.

1.45 हा आकडा सामान्य नाही. निरोगी माणसात तो साधारण 1.0 ते 1.4 असतो. मधुमेहात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचून ती इतकी ताठर होते की रक्तदाबाचा पट्टा तिला दाबू शकत नाही, आणि आत रक्त कमी वाहत असतानाही आकडा फुगतो. पायाच्या बोटांतील धमन्यांना हा ताठरपणा तुलनेने कमी येतो, म्हणून अंगठ्याचा दाब मोजून घ्यावा; दंडाच्या दाबाशी त्याचे गुणोत्तर 0.7 पेक्षा कमी आले तर ते रक्तपुरवठा कमी असल्याचे लक्षण आहे. सोबत डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करावे, मात्र ते धमन्यांचे हवे. चिठ्ठीवर तसे स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर शिरांचेच डॉपलर होऊन येते.

दाबमोजे तूर्त काढून ठेवावेत आणि ते सांगणाऱ्या डॉक्टरांना तसे कळवावे, कारण आधीच रक्त कमी पोहोचणाऱ्या पायावर दाब दिल्याने जखम होऊ शकते. पडल्या जागी पाऊल ठणकणे ही धमनीविकाराची पुढची पायरी असते, म्हणून याच आठवड्यात व्हॅस्क्युलर सर्जनला, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाला दाखवा. तोपर्यंत टाच आणि बोटांच्या बेचक्या रोज उजेडात तपासा. पाय अचानक पांढरा, बधिर किंवा हलवता न येण्यासारखा झाला, तर सकाळची वाट न पाहता त्यांना तातडीने रुग्णालयात न्या. अशा वेळी पाय वाचवण्यासाठी हाती काही तासच असतात.