देवगिरीला ‘अजिंक्य’ म्हणणं थांबवूया का?

घाटपायरी:
देवगिरी म्हणजेच दौलताबादबद्दल कुणीही बोललं की ‘अजिंक्य’ हा शब्द येतोच. मला तो पटत नाही. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी आला तेव्हा यादवांचं बरंच सैन्य राजपुत्रासोबत बाहेर होतं. यादवांचा राजा रामदेवराय गडावर गेला, पण धान्य समजून वर नेलेल्या गोण्यांत मीठ निघालं, असं फिरिश्ता लिहितो. शेवटी खंडणी द्यावी लागली. १६३३ मध्ये मोगल सरदार महाबतखानाचा वेढा पडला. तेव्हाही आत उपासमार झाली आणि निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याचा मुलगा फतेहखान शरण गेला. मग अजिंक्य कसला?

कातळवेडा:
अहो, ही उदाहरणं तर माझ्याच बाजूची! दोन्ही वेळा पोटाने हरवलं, बांधकामाने नाही. डोंगराचा खालचा भाग सगळीकडून उभा तासलाय, हाता-पायाला धरायला खाच नाही. भोवती कातळात खोदलेला खंदक. तो ओलांडला की अंधारी, म्हणजे खडकातला वळणावळणाचा काळोखा चढ. तिच्या वरच्या तोंडावर लोखंडी झाकण टाकून त्यावर आगट्या पेटवायच्या, की आतल्या शत्रूचा धुराने जीव घुसमटलाच. यातून चढाई करून बालेकिल्ला घेतल्याचं एक उदाहरण दाखवा.

घाटपायरी:
बालेकिल्ला म्हणजे सगळा किल्ला नव्हे. मोगलांनी १६३३ मध्ये सुरुंग लावून आधी अंबरकोट, म्हणजे सर्वांत बाहेरचा तट फोडला, मग त्याच्या आतला महाकोट. तटबंदी पडली हे मान्य कराल ना? आणि मुळात गड लोकांना किती काळ जगवतो, यावर त्याची ताकद ठरते. कोठार रिकामं असेल तर तासलेला कडा आतल्यांनाच कोंडून टाकतो.

सातमाळा:
दोघंही एकच काळ धरून बसलात. यादव राजा भिल्लमाने बाराव्या शतकात राजधानी केली, तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीची माणसं इथे आणली, बहमनींनी १४४७ च्या सुमारास चांद मिनार उभारला, अंबरकोट तर मलिक अंबरच्या काळातला. कडा आणि खंदक नेमके कुणाचे, यावर अभ्यासकांचंही एकमत नाही. १२९६ चा गड आजच्यासारखा होता असं धरून कसं चालेल? त्यामुळे रामदेवरायाच्या पराभवावरून या रचनेचं माप काढणं चूक वाटतं.

कातळवेडा:
सातमाळा, हा मुद्दा रास्त. पण १६३३ ला तरी सगळं बांधून पुरं होतं आणि काळाकोट, म्हणजे सर्वांत आतला तट, तेव्हाही सुरुंगाने नव्हे, बोलणी करून गेला. ‘अजिंक्य’ हा शब्द मी बालेकिल्ल्यापुरता सोडणार नाही.