2,500 रुपये वाइंडिंगवाल्यालाही आणि सर्जनलाही: हा व्यवसाय कर तुम्हाला न्याय्य वाटतो का?

मोटर वाइंडिंग, शिरपूर

मंडळी, विषय रुक्ष आहे, पण दुकान चालवणाऱ्या प्रत्येकाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझं शिरपूरला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. हाताखाली दोन पोरं. गहू-हरभऱ्याच्या दिवसांत रात्रीची थ्री फेज येते, सगळ्या विहिरींवर एकदम मोटरी चालू होतात, व्होल्टेज पडतं आणि सकाळी माझ्या ओट्यावर जळक्या मोटरींची रांग लागते. पाच एचपीची मोनोब्लॉक उघडायची, जळकी तार छिन्नीने कापून काढायची, स्लॉटमध्ये नवा कागद बसवायचा, वेढे मोजत तार भरायची, वार्निश पाजून वाळवायची. दिवसाला दोन निघाल्या तर गंगेत घोडं न्हालं.

2021 पासून सेंधव्याच्या एका दुकानदाराला टेम्पोने पंप पाठवतो. बिजासन घाट ओलांडला, राज्य बदललं, की उलाढाल कितीही छोटी असो, जीएसटी नंबर लागतोच. म्हणून नंबर काढला. नाहीतर 40 लाखांची उलाढाल मी स्वप्नातही पाहिलेली नाही.

आता गेल्या महिन्यात कळलं की व्यवसाय कराची नावनोंदणी, म्हणजे लोक जिला पीटीईसी म्हणतात ती, मी केलेलीच नाही. ज्यांनी जीएसटी नंबर काढून दिला त्यांनी ईमेल स्वतःचा टाकला होता, त्यामुळे सूचना त्यांच्याकडे पडून राहिल्या. हिशेब असा: चालू वर्ष धरून 5 वर्षांचे 12,500 रुपये, वर उशिराचं व्याज महिन्याला सव्वा टक्का. एका वर्षाच्या 2,500 वर दरमहा 31 रुपये 25 पैसे चढत गेले आणि मला पत्ता नाही.

चूक माझी, भरणारच आहे. पण प्रश्न वेगळा. जळगावच्या मोठ्या दवाखान्यातल्या सर्जनलाही वर्षाचे 2,500 आणि मलाही 2,500. त्यांची ती एका तपासणीच्या रांगेतली कमाई, माझ्या दोन मोटरींची मजुरी. बाकी करांत कमाई वाढली की कर वाढतो. इथेच सगळ्यांना एक फूटपट्टी का? मला हे अन्यायाचं वाटतं. बोला.

करसल्लागार, जळगाव

भाऊ, तुमच्या मनस्तापाबद्दल वाईट वाटलं, आणि ईमेलची गोष्ट मी रोज पाहतो. नोंदणी करताना मोबाइल आणि ईमेल आपलाच टाका, हे प्रत्येकाला हात जोडून सांगतो.

पण तुमच्या मूळ म्हणण्याशी मी सहमत नाही. राज्याचा हा कायदा 1975 चा आहे. राज्यघटनेच्या कलम 276 ने या कराला वर्षाला 2,500 रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. आधी ती 250 होती, 1988 च्या घटनादुरुस्तीने 2,500 झाली. सर्जनकडून 25,000 घ्यावेत असं राज्याला उद्या वाटलं तरी घेता येणार नाहीत, संसदेत घटना दुरुस्त करावी लागेल. 1988 चे 2,500 आणि आजचे 2,500 यांची किंमत पाहा. खरं तर हा कर दरवर्षी स्वस्तच होत गेलाय. धंदा करणाऱ्याने वर्षाला एवढे द्यायला हरकत नसावी.

आणि एक दुरुस्ती. 40 लाखांची सूट फक्त माल विकणाऱ्याला. रिवाइंडिंग ही सेवा आहे, तिथे 20 लाख. माल आणि सेवा दोन्ही असेल तर 20 च धरून चला. सेंधवा सोडून दिलं म्हणून नंबर रद्द करायला निघाल तेव्हा हे आधी बघा.

मोटर वाइंडिंग, शिरपूर

20 लाखांचं माहीत नव्हतं, साहेब. आभार.

पण घटनेने कमाल बांधली, किमान कुठे बांधली? पगारदारांना टप्पे आहेतच ना: 7,500 पर्यंत शून्य, 10,000 पर्यंत महिन्याला 175, त्यापुढे 200. म्हणजे टप्पे करता येतात. सर्जनचे वाढवता येत नसतील तर नका वाढवू, माझे कमी करा. उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर 500 घ्या, 1,000 घ्या. त्याला घटनादुरुस्ती लागत नाही.

पगारी माणूस, भुसावळ

टप्प्यांचं कौतुक सांगू नका हो. महिन्याला 10,001 रुपये पगार असलेला सिक्युरिटी गार्ड आणि दीड लाखवाला अधिकारी, दोघांचे 200 च कापतात. फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाचे बरोबर 2,500. आमच्या हातात पैसा येण्याआधीच कर जातो, 5 वर्षं "माहीत नव्हतं" म्हणायची सोय आम्हाला नाही. शिवाय दुकानदार हा कर धंद्याच्या खर्चात दाखवतो. आम्हाला नव्या आयकर पद्धतीत त्याची वजावटही मिळत नाही. तुमच्यापेक्षा तो गार्ड जास्त अन्याय सोसतोय.

मोटर वाइंडिंग, शिरपूर

गार्डचं पटलं. माझ्या मनात तो नव्हताच.

खानावळ, अमळनेर

माझंही लिहिते. कॉलेजच्या पोरांची खानावळ आहे. 1 एप्रिल 2023 पासून बायांना महिन्याला 25,000 पर्यंत पगार असेल तर व्यवसाय कर नाही, हे पेपरात वाचून मी निर्धास्त झाले. नंतर कळलं की ती सूट पगारदार बायांना आहे. स्वतःचा धंदा करून जीएसटी नंबर घेतलेल्या बाईला पुरुषाइतकेच 2,500. म्हणजे माझ्याकडे पोळ्या लाटणाऱ्या मावशींना सूट आहे ते चांगलंच, पण मलाही महिना 25,000 सुटत नाहीत. माझा हिशेब कुणी का धरत नाही? वाइंडिंगवाल्या दादांच्या बाजूने माझं एक मत.

डाळमिल, जळगाव

सगळेच रडगाणं गाताहेत म्हणून उलट बाजू. मला हा एकमेव कर आवडतो, कारण तो एका ओळीत समजतो. वर्षाला 2,500, तारीख 30 जून, विषय संपला. बाकीचं बघा. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पॅकिंगच्या डाळीला 5 टक्के, त्यावरच्या गोणीला नाही. तीच तूर, तीच चाळणी, तोच हमाल, फक्त पोत्याचं वजन बदललं. त्या एका नियमाने आमच्या बाजारात 26 आणि 30 किलोच्या गोण्या आल्या. उद्या व्यवसाय करात टप्पे घाला, लगेच उलाढालीचे पुरावे, ताळेबंद, "तुमची उलाढाल 19.80 लाख कशी?" अशी पत्रं सुरू होतील. वाइंडिंगवाल्या भाऊंना 1,500 वाचवायला 3,000 सल्लागाराला द्यावे लागतील. सरसकट आहे तेच बरं.

केळी बागायतदार, रावेर

मी शेतकरी, मला यातलं काही लागत नाही. पण एक विचारतो. कापसावर जिनिंगवाला 5 टक्के कर आपल्या भावातून कापतो का? व्यापारी गावात येऊन तसं सांगत होता.

करसल्लागार, जळगाव

नाही दादा. नोंदणीकृत जिनिंगवाला शेतकऱ्याकडून कपाशी घेतो तेव्हा उलट आकारणीने 5 टक्के त्यानेच भरायचे असतात, नोव्हेंबर 2017 पासून. भरलेल्या कराची वजावट त्याला पुढे मिळते. तुमच्या काटापट्टीवर "जीएसटी" म्हणून वजा केलेलं दिसलं तर ते चूक आहे, पट्टी जपून ठेवा आणि विचारा.

यावरून एक मुद्दा सगळ्यांसाठी, कारण इथे दोन कर एकत्र मिसळले जाताहेत. जीएसटी तुम्ही भरत नाही, गिऱ्हाईक भरतं. तुम्ही तो गोळा करून पोचवता, अर्धा केंद्राला अर्धा राज्याला, आणि सेंधव्याला पाठवलेल्या पंपाचा राज्याचा वाटा शेवटी मध्य प्रदेशाला जातो, कारण वापर तिथे होतो. म्हणून तो पैसा गल्ल्यात पडला तरी आपला नसतो. व्यवसाय कर मात्र तुमच्या खिशातला. आणि गुमास्ता काढला म्हणजे व्यवसाय कराची नोंदणी झाली, असं नाही. नगरपालिकेची घरपट्टी भरली म्हणजेही नाही. निम्मे लोक इथेच अडकतात.

नवापूरकर

राज्याचा कर म्हणजे काय ते आमच्याकडे या, डोळ्यांनी दिसतं. रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही, प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा. म्हणून इकडचे ट्रक टाकी तिकडे उच्छलला भरतात. आमचे पंपवाले बघत बसतात.

साक्री, निवृत्त

दादा, तुना राग खरा शे. पण माझं ऐकून घ्या.

1972 च्या दुष्काळात मी शाळकरी पोर होतो. आई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची. मी तिच्यामागे, कारण तिथे सुकडी मिळायची. ॲल्युमिनियमच्या ताटलीत मूठभर, ती मी अर्धी खाऊन अर्धी धाकट्या बहिणीसाठी सदऱ्याच्या खिशात भरून आणायचो. आईची बोटं संध्याकाळी मिटत नव्हती. त्या कामांतून पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला, 1977 ला कायदा झाला: मागेल त्याला काम. आणि त्या कामाला पैसा कुठून आणायचा, तर ज्याला शहरात नोकरी आहे, धंदा आहे, त्याच्याकडून थोडा थोडा. तो हा व्यवसाय कर. देशाचा रोजगार हमीचा कायदा 2005 ला आला, आपल्याकडे तो कधीचा होता.

नोकरी लागल्यावर माझ्या पगारातून हा कर कापला जायचा तेव्हा मला त्या एका कपातीचं कधी वाईट वाटलं नाही. आता 65 च्या वर गेलो, कायद्यानेच सूट आहे. पण ज्याच्या दुकानात माणसं कामाला आहेत त्याने, ज्याला काम नाही त्याच्यासाठी वर्षाला 2,500 द्यावेत, हे मला बरोबर वाटतं.

मोटर वाइंडिंग, शिरपूर

आबा, सुकडीचं वाचून थोडा वेळ काही लिहिताच आलं नाही. माझी आजीही त्याच कामांवर होती, बोराडीकडे.

पण तुमच्याच गोष्टीवरून मला बळ मिळतं. ज्याला जास्त आहे त्याने, ज्याला नाही त्याला द्यायचं, असा तो विचार होता. मग देणाऱ्यांतही कुणाकडे किती आहे ते बघायला नको का? रोजगार हमीच्या कामाचा बराच पैसा आता केंद्राकडून येतो, तरी राज्याने हा कर ठेवावा. मी तो रद्द करा म्हणत नाही. माझ्या आजीच्या नावाने मी आनंदाने भरेन. पण खानावळवाल्या ताई आणि मोठा दवाखाना यांना एका ओळीत उभं करू नका, एवढंच म्हणणं आहे.

डाळमिल, जळगाव

भावना समजली, तरी मत बदलत नाही. सोपा कर छोट्या माणसाच्याच हिताचा असतो. गुंतागुंतीचा कर मोठा माणूस सल्लागार ठेवून पार करतो, छोटा अडकतो.

पगारी माणूस, भुसावळ

मग पगारदारांचे टप्पेही काढा आणि 25,000 च्या आत सगळ्यांनाच सूट द्या, बाई असो की बाप्या. सोपंही होईल.

खानावळ, अमळनेर

याला माझं अनुमोदन. सल्लागार साहेब, एक विचारायचं राहिलं. माझी वहिनी पोस्टाच्या बचतीची महिला एजंट आहे. तिलाही नोंदणी लागेल का?

करसल्लागार, जळगाव

फक्त महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेचंच काम करत असतील तर त्यांना माफी आहे, ताई. दुसरा धंदा नको.

वाइंडिंगवाले भाऊ, तुमच्या पहिल्या लिखाणात एक गोष्ट आहे, तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. हाताखाली दोन पोरं आहेत म्हणालात. त्यांना किती देता? महिना 7,500 च्या वर असेल तर तुम्हाला मालक म्हणून वेगळी नोंदणी लागते, पीटीआरसी. टप्प्याप्रमाणे त्यांचे 175 किंवा 200 कापून भरायचे. एवढ्या थोड्या कपातीला विवरणपत्र वर्षातून एकदा, 31 मार्चपर्यंत. चुकलात तर दंड वेगळा. स्वतःच्या पीटीईसीचा नंबर 99 ने सुरू होतो, मालकाचा पीटीआरसी 27 ने, दोन्हींच्या शेवटी पी. लोक घाईत एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात भरतात आणि मग वर्षभर कागद फिरवतात.

मोटर वाइंडिंग, शिरपूर

एकाला 14,000 देतो, दुसऱ्याला 9,500. म्हणजे एकाचे 200, दुसऱ्याचे 175.

कालच स्वतःचे 5 वर्षांचे व्याजासकट भरले, चलन छापून काउंटरच्या काचेखाली ठेवलंय. मोठ्याला आज सांगितलं की पुढच्या महिन्यापासून 200 कापावे लागतील. तो म्हणाला, "कशाचे?" रोजगार हमीचं सांगितलं. तार भरायची थांबवून म्हणाला, "मग गावाकडे माझ्या बापाला काम मिळेल का?" त्याचा बाप पळासनेरला असतो, पावसाळ्यानंतर हाताला काम नसतं. जॉब कार्ड आहे का विचारलं, तर नाही. सोमवारी दुकान दुपारपर्यंत बंद ठेवून त्याला घेऊन ग्रामपंचायतीत जातोय. साक्रीचे आबा, अर्ज दिल्यावर पोच मागायची असते ना? आणखी काय सोबत न्यावं लागतं?

साक्री, निवृत्त

पोच तारखेसकट मागा, ती सोडू नका. काम मागितल्यापासून 15 दिवस मोजायचे असतात, म्हणून तारीख महत्त्वाची. आधार, बँकेचं पासबुक आणि फोटो न्या. घरातल्या ज्या ज्या मोठ्या माणसांना काम हवंय त्या सगळ्यांची नावं एकाच कार्डावर घाला, त्याच्या आईचंही.